ढीग गेले, म्हणजे मोल गेला?

इंग्लंडमधील घरबागेविषयीचे कोणतेही पुस्तक उघडावे, हिरवळीवर उठणाऱ्या मातीच्या ढिगांसाठी त्यात एक-दोन पाने राखलेली असतातच. आदल्या संध्याकाळी गालिच्यासारखे दिसणारे गवत, आणि सकाळी पाहावे तो त्यावर वेड्यावाकड्या ओळीत सात-आठ ताजे ढीग! हा उद्योग मोल नावाच्या प्राण्याचा. मग उपायांची यादी येते. रिकाम्या बाटल्या तोंड वर ठेवून बोगद्यात पुरा, म्हणजे वाऱ्याने त्या घुमतील. मुलांची भिरभिरी काठीवर रोवा. डांबराच्या गोळ्या टाका, लसूण टाका, एरंडेल शिंपडा, कुत्र्याचे केस कोंबा. कडेने ‘मोल-प्लांट’ या नावाने ओळखली जाणारी चिकाची झाडे लावा. नाहीतर जमिनीत खुपसायची, ठरावीक वेळाने थरथरणारी बॅटरीवरची यंत्रे विकत आणा. अशी पुष्कळ पाने आम्ही एकापाठोपाठ एक वाचली. यांपैकी कोणता उपाय खरा आणि कोणता खोटा, याहून वेगळाच प्रश्न आमच्या मनात राहिला. उपाय लागू पडला हे लिहिणाऱ्याला कळले कसे? हे विचारले की ती पाने गप्प बसतात.

आधी नावाबद्दल थोडेसे. मराठीत ‘मोल’ म्हणजे किंमत, आणि रसायनशास्त्राच्या शिक्षकांचा मोल आणखी निराळा. तरीही येथे तोच शब्द वापरणे आम्हाला भाग आहे. भाषांतरात या प्राण्याला कोणी चिचुंद्री म्हणतो, कोणी घूस म्हणतो, आणि दोन्ही चुकीचे आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

युरोपातला मोल वजनाने सुमारे १०० ग्रॅम, लांबीला वीतभरही नाही. पुढचे पाय फावड्यासारखे रुंद. केस असे की पुढे सारा वा मागे, अडत नाहीत. त्यामुळे अरुंद बोगद्यात त्याला उलटे सरकता येते. तो वनस्पती खात नाही. त्याचे मुख्य अन्न गांडुळे, आणि जोडीला जमिनीतल्या अळ्या. दिवसाला स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे अन्न त्याला लागते. त्याचे बोगदे म्हणजे नुसते रस्ते नव्हेत, ते गांडुळे पकडण्याचे जाळेच आहे. गांडूळ मातीतून सरकत बोगद्यात उतरते आणि फेरी मारणारा मोल ते उचलतो. जास्तीची गांडुळे तो डोक्याकडच्या भागाला चावा घेऊन पंगू करतो आणि जिवंतच साठवून ठेवतो.

आता ढीग का उठतो? नवा बोगदा खणताना किंवा ढासळलेला दुरुस्त करताना निघालेली माती मोल वर ढकलतो, म्हणून. तयार बोगद्यांतून फिरताना माती निघत नाही. म्हणजे ढीग हा मोलच्या असण्याचा पुरावा नाही, तो त्याच्या खणण्याचा पुरावा आहे. जुन्या, पक्क्या बोगद्यांचा धनी असलेला मोल कित्येक दिवस एकही ढीग न करता सुखाने पोट भरू शकतो. उलट एकटाच मोल नव्या जागेत आला की चार दिवसांत हिरवळीची दशा करून टाकतो. शिवाय या खणण्याला ऋतू आहे. तिकडे शरदापासून वसंतापर्यंत ढीग जास्त दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर माद्यांच्या शोधात लांबलांब बोगदे काढत सुटतात. तो काळ सरला की ढीग आपोआप कमी होतात.

माणूस बाटल्या केव्हा पुरतो? ढिगांनी वैताग आणला की. म्हणजे ढीग सर्वांत जास्त असतात, नेमके तेव्हा. मार्चमध्ये बाटल्या पुरल्या, मेमध्ये हिरवळ शांत झाली, आणि बाटल्यांची कीर्ती शेजारीपाजारी पसरली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! पुढच्या वर्षी पुन्हा ढीग आले, तर ‘नवा मोल आला’ असे म्हणायची सोय आहेच. जो उपाय फसूच शकत नाही त्याची परीक्षाही होऊ शकत नाही, ही गोष्ट अकरावीच्या विद्यार्थ्यालाही पटवून देता येईल.

या पानांची भाषा पाहण्यासारखी असते. क्रियापदे सगळी आज्ञार्थी: पुरा, टाका, शिंपडा. पुरावा मात्र कर्त्यावाचून येतो: ‘अनेकांना गुण आल्याचे सांगतात.’ किती बागा, किती दिवस, आधी किती ढीग होते, नंतर किती राहिले, आणि मुख्य म्हणजे काहीच न करणाऱ्या शेजाऱ्याच्या बागेत त्याच काळात काय झाले, यांतले एकही वाक्य सापडत नाही. दहा उपाय एकाखाली एक देण्यातही लबाडी असते. पहिल्याने गुण आला नाही तर वाचक दुसऱ्याकडे वळतो. अशा रीतीने तो जूनपर्यंत पोचला की हाताशी जो उपाय असेल, त्याला श्रेय मिळते.

याच विषयावर चांगले लेखनही झाले आहे. केनेथ मेलनबी हे इंग्लंडमधील मंक्स वुड येथील प्रयोग केंद्राचे संचालक. त्यांचे ‘द मोल’ हे पुस्तक १९७१ साली निघाले. मोल हा मुळात पानगळीच्या जंगलातला प्राणी आहे आणि तेथे तो भरपूर असूनही ढीग फारसे नजरेस येत नाहीत, या गोष्टीवर त्यांचा भर आहे. ढीग मोजून मोल मोजणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही. पुढे १९८० च्या दशकात मार्टिन गॉर्मन आणि डेव्हिड स्टोन यांनी मोलच्या अंगावर लहानसे रेडिओ प्रक्षेपक बसवून जमिनीखालच्या त्याच्या हालचालींचा माग काढला. त्यांचे ‘द नॅचरल हिस्टरी ऑफ मोल्स’ हे पुस्तक १९९० चे. प्रत्येक मोलचा आपला इलाखा असतो, शेजारी एकमेकांना टाळतात, आणि एक नाहीसा झाला की दुसरा लवकरच त्याच्या बोगद्यांचा ताबा घेतो, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले. बागवान मोलला हाकलतो तेव्हा एक सुसज्ज घर रिकामे करून देत असतो, असाच याचा अर्थ.

मार्क हेमर यांच्या ‘हाऊ टू कॅच अ मोल’ (२०१९) या पुस्तकाची गोष्ट निराळी. हेमर वेल्समध्ये माळीकाम करत आणि जोडीला मोल पकडण्याचा धंदा करत. स्वतः शाकाहारी. पुस्तकात सापळ्यांची माहिती आहे, कविता आहेत, तरुणपणी बेघर होऊन रानोमाळ पायी हिंडल्याच्या आठवणी आहेत, आणि शेवटी हा धंदा त्यांनी का सोडला तेही आहे. मोलबद्दल काही शिकावे म्हणून पुस्तक हाती घेणाऱ्याची थोडी अडचण होते. आठवणींच्या ओघात प्राणी मधूनमधून दिसेनासा होतो. निष्कर्ष सगळे एका माणसाच्या अनुभवाचे, आणि ताडून पाहायला काही नाही, ही त्याची उणीव आम्हाला जाणवली. तरीही घरगुती उपायांच्या पानांपेक्षा आम्ही त्याला वरचे स्थान देऊ. सापळा लावणाऱ्याला निदान मोल मोजता येतो. पकडला की नाही, हे त्याच्या हातात दिसते. आणि त्या हातांना मारण्याचा अर्थ काय वाटला हेही तो लपवत नाही. याआधी तिकडे गांडुळांना स्ट्रिक्निन लावून ती बोगद्यात टाकत. ब्रिटनमध्ये २००६ साली त्यावर बंदी आली. त्या विषाबद्दल लिहिणाऱ्या पुस्तकांत असा संकोच क्वचितच दिसतो.

वासाच्या उपायांबद्दल आम्ही थोडे सबुरीने बोलू. अमेरिकेत केनेथ कॅटानिया यांनी २०१३ साली तेथील पूर्वेकडच्या जातीच्या मोलवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मोलच्या दोन नाकपुड्यांपैकी एक बंद केली की तो अन्नाकडे सरळ न जाता उघड्या नाकपुडीच्या बाजूला भरकटतो. म्हणजे दोन्ही नाकपुड्यांना मिळणाऱ्या वासाची तुलना करून तो दिशा ठरवतो. इतके तल्लख नाक असलेल्या प्राण्याला उग्र वास नकोसा वाटणे असंभव नाही. पण नकोसा वाटला म्हणून तो बाग सोडील, हे कशावरून? वळसा घालून नवा बोगदा काढणे त्याला जड नाही. तसे झाले तर उपाय ‘यशस्वी’ होऊनही ढीग वाढतील!

थरथरणाऱ्या यंत्रांची कथा याहून गमतीची आहे. डार्विनने १८८१ साली गांडुळांवर पुस्तक लिहिले, त्यात एका लोकसमजुतीचा उल्लेख आहे. जमीन ठोकली, हादरवली की मोल पाठीस लागला असे समजून गांडुळे वर येतात, ही ती समजूत. डार्विनने स्वतः ठिकठिकाणी जमीन ठोकून पाहिली. एकही गांडूळ वर आले नाही, आणि त्याने तसे नमूद केले. फ्लोरिडातील ॲपलाचिकोला जंगलात मात्र गळाला लावायची गांडुळे गोळा करणारे लोक जमिनीत लाकडी खुंटी ठोकतात, तिच्यावर लोखंडी पट्टी घासतात, आणि तेथील गांडुळे शेकड्यांनी बाहेर पडतात. कॅटानिया यांनी २००८ साली दाखवले की खराखुरा मोल खणू लागला तरी ती तशीच वर पळतात. मोल जमिनीवर सहसा येत नसल्याने वर पळणे त्यांच्या फायद्याचे ठरते. जमिनीतली कंपने हा मोलच्या रोजच्या जगण्याचाच भाग आहे. तो स्वतः ती निर्माण करतो. मग बॅटरीवरच्या थरथरीने तो का घाबरावा, याचे कारण यंत्राच्या जाहिरातीने द्यायला हवे. आम्ही वाचलेल्या जाहिरातींत ते नव्हते.

मुळात मोल घालवायलाच हवा का? शेतात त्याचा त्रास खरा आहे. ढिगातले दगड गवत कापणाऱ्या यंत्राची पाती बोथट करतात, आणि मुरघासात माती मिसळली तर गुरांना आजार होऊ शकतो. कोवळ्या रोपांच्या मुळांखालची माती पोकळ झाली तर ती सुकतात. घरच्या हिरवळीवर मात्र तक्रार बहुतांशी डोळ्यांची असते. जर्मनीत मोल हा कायद्याने संरक्षित प्राणी आहे, त्याला मारता येत नाही, आणि २०२० साली तर तेथील एका वन्यजीव संस्थेने त्याला ‘वर्षाचा प्राणी’ म्हणून निवडले. तिकडेही हिरवळी आहेत. लोक ढीग फावड्याने उचलतात आणि ती भुसभुशीत माती कुंड्यांत भरतात.

आपल्याकडे महाराष्ट्रात मोल नाही. भारतात तो पूर्व हिमालय आणि ईशान्येकडच्या डोंगराळ भागात आढळतो. तरीही हे उपाय भाषांतराच्या वाटेने आपल्यापर्यंत येतात, आणि घोटाळा येथेच होतो. आपल्या बागेत माती उकरून ढीग करणारी बहुधा घूस असते. ती उंदराच्या कुळातली. धान्य, मुळे, कंद खाते. चिचुंद्री मोलची लांबची नातेवाईक खरी, पण ती बोगद्यांचे जाळे खणत नाही, आणि तिचा आहार मुख्यतः किड्यांचा. घरातली झुरळेही ती खाते. मोलसाठी ‘चिचुंद्री’ असा शब्द वापरून उपाय छापला, तर घुशीच्या गुन्ह्याची शिक्षा या निरुपद्रवी प्राण्याला मिळते. वासामुळे आणि उंदरासारख्या रूपामुळे ती आधीच पुष्कळ मार खाते. पाठ्यपुस्तकांत पूर्वी मोल आणि चिचुंद्री दोघांना ‘कीटकभक्षी’ या एकाच गणात घालत. तो गण आता मोडीत निघाला आहे. मोल आणि चिचुंद्री नव्या वर्गीकरणातही एकत्र राहिले, जुने काही सोबती मात्र दूर गेले.

शाळेच्या बागेत घुशी असतील तर उपायाची परीक्षा घेता येईल. उंदरांची पाहणी करताना शेतकी खात्याची माणसे एक साधी रीत वापरतात. संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवायची आणि सकाळी किती पुन्हा उघडली ते मोजायचे. उघडलेली तेवढी ‘जिवंत’ बिळे. मोलच्या बाबतीतही अशीच रीत आहे: बोगद्याचा थोडा भाग पायाने दाबून ठेवायचा आणि एक-दोन दिवसांत तो पुन्हा वर उचलला जातो का ते पाहायचे. बागेचे दोन भाग करावेत. कोणत्या भागात उपाय करायचा ते नाणे उडवून ठरवावे. उपायाच्या आधी आठवडाभर आणि नंतर महिनाभर दोन्ही भागांतली जिवंत बिळे रोज मोजून वहीत लिहावीत. मोजणाऱ्या मुलांना कोणत्या भागात काय केले आहे ते सांगू नये. लसणाच्या बाबतीत हे साधणे थोडे कठीण जाईल.