कमावत्या पोरांची आत्मचरित्रे

मुलांना पैशाची किंमत कळली पाहिजे, असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण पडली नाही. हल्ली हा उपदेश नव्या रूपात ऐकू येतो. सुट्टीत मुलाने एखाद्या दुकानात उभे राहावे, पहाटे सायकलवरून वर्तमानपत्रे टाकावीत, शेजारच्या लहानग्यांची शिकवणी घ्यावी. म्हणजे पहिल्या कमाईबरोबर शहाणपणही आपोआप हाती येईल, अशी ही कल्पना आहे. कल्पना वाईट नाही. प्रस्तुत लेखकाने बेळगावात अकरावीत असताना एका छापखान्यात रोज संध्याकाळी मुद्रिते तपासण्याचे काम वर्षभर केले आहे, आणि महिनाअखेर मिळालेल्या त्या चार नोटा खिशात चाचपीत घरी येताना वाटलेला अभिमान अजून आठवतो. परंतु त्या नोटांनी मला पैशाची किंमत शिकवली की केवळ माझी किंमत मला वाढवून दाखवली, याविषयी पुढे पुढे शंका वाटू लागली. ती शंका घेऊन मराठीतील काही आत्मचरित्रे पुन्हा वाचली. शिकता शिकता राबणाऱ्या पोरांची चित्रे आपल्या वाङ्मयात जितकी विपुल आहेत, तितकी ती कशासाठी रंगवली गेली याची चिकित्सा मात्र झालेली नाही.

जुन्या पिढीचा नमुना म्हणून धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ (1915) घ्यावे. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवीत गेलेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवला गेलेला मुलगा सर्वांच्या परिचयाचा आहे. मुंबईत कॉलेजात शिकत असताना शिकवण्या करून खर्च भागवणारा त्यांचा तरुण मात्र तितकासा लक्षात राहत नाही. कारण कर्वे त्याविषयी कमालीच्या निर्विकारपणे लिहितात. शिकवणी हे त्यांच्या लेखी साधन होते; त्यात संस्कार शोधावा असे त्यांना वाटले नाही. हा कोरडेपणा मला गुण वाटतो. गरिबीचा बडेजाव करण्याची खोड आपल्या आत्मचरित्रकारांना पुढे लागली.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील कोटाची गोष्ट याहून वेगळी आहे. दापोलीस शिकणारा श्याम खाऊसाठी मिळालेले पैसे न खर्चता साठवतो, धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसाळ्यात ओढेनाले ओलांडून गणेशचतुर्थीला पालगडला पोचतो. या प्रसंगाने महाराष्ट्राच्या तीन पिढ्यांचे डोळे ओले केले आहेत, आणि त्या अश्रूंपुढे टीकाकाराने मान झुकवावी हेच बरे. पण एक गोष्ट डोळे पुसून पाहण्यासारखी आहे. कोट पाहताच घरात आनंद होण्यापूर्वी प्रश्न उभा राहतो तो हा, की हे पैसे आले कोठून? कर्जाने पोळलेल्या घरात पोराच्या हातचा पैसा आधी संशयास पात्र ठरतो, मग कौतुकास. श्यामने कमावले काहीच नाही. त्याने फक्त स्वतःचे तोंड बांधले. ज्या घरात कमाई शक्य नाही त्या घरात मूल बचत शिकते, आणि ही बचत म्हणजे दुसऱ्या कशाची नसून स्वतःच्या भुकेची असते. साने गुरुजींना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी त्याला त्यागाचे नाव दिले. ते देण्याचा त्यांना अधिकार होता. वाचकाने मात्र त्यावरून मुलांनी बचत करावी एवढाच धडा घेणे म्हणजे गोष्टीचा फार स्वस्तात सौदा करणे होय.

या विषयाचे खरे महत्त्वाचे पुस्तक आनंद यादव यांची ‘झोंबी’ (1987) हेच. कागल आणि निपाणी यांत फारसे अंतर नाही. त्यामुळे सीमाभागातील आमच्या वाचकाला त्यातील मळा, गुऱ्हाळ, वैरण, शेणी ही सगळी ओळखीची माणसेच वाटावीत अशी भेटतात. पु. ल. देशपांडे यांनी या पुस्तकाला लिहिलेल्या प्रस्तावनेत भर आहे तो हरवलेल्या बाल्यावर, आणि बहुतेक समीक्षक त्याच वाटेने गेले. मला वाटते, ‘झोंबी’चा प्राण केवळ करुणेत नाही, हिशेबात आहे. इतक्या लहान वयाचा इतका चोख हिशेबी नायक मराठीत दुसरा दाखवता येणार नाही.

आनंदाला शाळेत जायचे आहे ते का? विद्या हे धन आहे असे कोणी त्याच्या कानात सांगितले म्हणून नव्हे. त्याचा विचार सरळ आहे: जन्मभर शेतात राबून हाती काही राहत नाही, आजोबांच्या वेळी जे होते ते वडिलांच्या वेळी उरले नाही, शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे गाठीला राहतील, त्यांवर एखादा धंदाही करता येईल. हे एका पोराने मांडलेले शेतीचे अर्थशास्त्र आहे. याच्याच शेजारी वडिलांचे अर्थशास्त्र ठेवून पाहावे. गावात सर्वांच्या आधी यांचे गुऱ्हाळ लागते. इतर शेतकरी म्हणतात, ऊस आणखी काही दिवस उभा राहिला तर रसातले पाणी कमी होऊन गूळ चांगला उतरतो. वडिलांचे म्हणणे असे, की सगळ्यांची गुऱ्हाळे सुरू झाली की बाजारात गूळ फार होतो आणि भाव पडतो. तेव्हा आधी काढावा आणि चढ्या भावाने विकावा. युक्तिवाद खोटा नाही. पण यादव लगेच त्याच्या तळाशी हात घालतात: हंगाम लवकर उरकून मळा मुलाच्या गळ्यात बांधायचा आणि आपण गावात मोकळे हिंडायचे, हा त्यातला आतला हिशेब. बाजाराचा कायदा बापाला नेमका ठाऊक आहे. पोराच्या दिवसाला भाव असतो हे तेवढे त्याच्या गणितात नाही.

पुढे आई आणि आनंदा दत्ताजीराव देसायांकडे गाऱ्हाणे घेऊन जातात आणि सरकारांच्या धाकाने वडील कबूल होतात, तो प्रसंग सर्वांना आठवत असेल. तेथे वडील मुलाविरुद्ध जे आरोप मांडतात त्यांत एक असा, की पोरगा शेणी विकतो, वैरण विकतो, सिनेमा पाहतो. मला हे वाक्य साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटते. दिवसभर मळ्यात राबतो ते काम नव्हे, ते घरचेच. त्याला मजुरी नाही. आणि पोराने स्वतःच्या हिकमतीने जे दोन पैसे मिळवले असतील ती मात्र वाईट चाल! म्हणजे ज्या श्रमाला पैसा मिळत नाही तो सद्गुण, आणि ज्याला मिळतो तो दुर्गुण. पैशाची किंमत मुलांना शिकवू पाहणाऱ्यांनी हे उलटे गणित एकदा तपासून पाहावे.

तडजोड ठरते ती अशी: सकाळी अकरा वाजेपर्यंत मळ्यात काम, तेथूनच शाळा, शाळा सुटल्यावर तासभर गुरे चारणे, आणि कामाची घाई असेल त्या दिवशी शाळेला दांडी. शाळेत गेल्यावर नवी टोपी आणि नाडीची चड्डी हवी. ती मळखाऊ रंगाची घेतली जाते. त्या एका मळखाऊ शब्दात यादवांनी साबणाचा, पाण्याचा आणि आईच्या हातांचा खर्च मांडून ठेवला आहे. असे शब्द निवडण्यात हा लेखक मोठा आहे. पुढच्या खंडांत, विशेषतः ‘घरभिंती’त, तपशील इतके साचतात की हिशेबवही वाचल्यासारखे वाटते; ‘झोंबी’त तसे होत नाही.

सौंदलगेकर मास्तरांनी कवितेची गोडी लावल्यावर जे घडते ते तर कोणत्याही उपदेशाच्या पलीकडचे आहे. पूर्वी पिकाला पाणी पाजताना एकटेपणा त्याला खायला उठे. आता एकटेपणाच हवासा वाटतो. कारण एकट्याला मोठ्याने कविता म्हणता येतात, हावभाव करता येतात, नाचतासुद्धा येते. गुरांमागे असताना सुचलेली ओळ तो काटकीने म्हशीच्या पाठीवर लिहितो, नाहीतर खड्याने दगडावर. काम तेच, मजुरी पूर्वीइतकीच शून्य. परंतु त्या तासांचा मालक बदलला. आनंदाला जी किंमत कळली ती पैशाची नव्हतीच; ती तर त्याला शाळेत जाण्यापूर्वीच कळली होती. वेळेची किंमत त्याला कळली, आणि ती शिकवणारा मनुष्य मळ्याचा मालक नव्हता, कवितेचा मास्तर होता.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) याच पंगतीचे असूनही येथे थोडक्यात आटोपतो. कारण त्यातील मुख्य झुंज जातीशी आणि जातपंचायतीशी आहे. कैकाड्याच्या पोराने टोपल्या विणाव्यात हे जन्मानेच ठरलेले असते. तेथे काम निवडण्याचा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून कामापासून शिकण्याची भाषाही तेथे थट्टेसारखी वाटेल.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापली आणि ‘कमवा व शिका’ हे सूत्र रूढ केले, त्याचा विचार या संदर्भात केला पाहिजे. साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राबली, एकत्र जेवली. या योजनेचे मर्म असे, की श्रमाचे मोल मुलाच्या खिशात पडत नव्हते आणि बापाच्या किंवा मालकाच्याही खिशात जात नव्हते. ते त्याच्याच शिक्षणात आणि अन्नात परत येत होते. आजच्या सुट्टीतल्या नोकरीहून ही गोष्ट अगदी निराळी आहे. सुट्टीतल्या नोकरीचा पैसा बहुधा हौसेवर जातो, आणि हौस भागवण्यापुरता मिळालेला पैसा खर्च करायला शिकवतो, एवढे मी माझ्या छापखान्यातील अनुभवावरून सांगू शकतो. (माझी हौस सिनेमाची होती. त्यात आनंदाचे आणि माझे साम्य आढळले, तेव्हा गंमत वाटली; फरक लक्षात आल्यावर ती ओसरली.)

आपल्या कायद्याची भाषाही या पुस्तकांच्या उजेडात वाचण्यासारखी आहे. बालकामगारविषयक 1986 च्या कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली, चौदा ते अठरा वयाच्यांना धोक्याच्या धंद्यांतून वगळले. परंतु शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलाने कुटुंबाला वा कुटुंबाच्या धोका नसलेल्या उद्योगाला मदत करणे यास सूट ठेवली. दत्ताजीराव देसायांची तडजोडही जवळजवळ याच मुद्द्याची, आणि तिच्यात तर सकाळचे तासही मळ्याकडे गेले होते. सूट देणाऱ्यांपुढे शेतकरी आणि कारागीर यांची घरे होती, व त्या घरांची अडचण खरी आहे, हे नाकारता येणार नाही. पण घरच्या कामाला मदत हे नाव दिले की त्याचे तास मोजायचे कोणी? आणि मदत या शब्दाची सर्वांत मोठी धनी कोण, तर मुलगी. पाणी आणणे, धाकटे भावंड कडेवर घेणे, चूल सांभाळणे ही कामे या सर्व आत्मचरित्रांच्या पार्श्वभूमीवर अखंड चाललेली दिसतात. त्यांना कोणी नोकरी म्हणत नाही आणि त्यांच्यातून मुलीला पैशाची किंमत कळली असेही कोणी लिहीत नाही. कोकणी वाचकांना येथे दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ आठवेल. मुलीच्या भवितव्यासाठी कुवेतला मोलकरीण म्हणून गेलेल्या त्या आईने धाडलेल्या पैशाला कोणती किंमत चिकटली होती, हे कादंबरी सांगते. पैसा हाती घेणाऱ्याला ते सहसा दिसत नाही.

‘झोंबी’चा हिंदी अनुवाद ‘जूझ’ या नावाने झाला आणि त्यातील वर सांगितलेला शाळेचा भाग केंद्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात घेतला गेला. त्यामुळे इंदूर, ग्वाल्हेरकडील मराठी घरांतील कित्येक मुलांना आनंदा प्रथम भेटला तो हिंदीतून. कागलची बोली त्यात राहणे शक्यच नव्हते; त्या बोलीत जो हट्ट आहे तो अनुवादात नम्र होतो. पण गुऱ्हाळाचा भाव, अकरा वाजेपर्यंतचे काम आणि मळखाऊ रंगाची चड्डी या तिन्ही गोष्टी तेथे शाबूत आहेत. ग्वाल्हेरच्या एका स्नेह्याकडे मुक्कामाला असताना त्यांची सतरा वर्षांची नात हा धडा पाठ करीत होती. बापाने गुऱ्हाळ लवकर का लावले, या प्रश्नाचे उत्तर तिने वहीत दोन कारणांनी लिहिले होते. आणि दुसऱ्या कारणाखाली, कोणी सांगितलेले नसताना, पेन्सिलीने जाड रेघ ओढली होती.