लाल रंगाची जागा

आपल्याच हातच्या कामाचे परीक्षण आपणच करावे, हा उद्योग काही शहाणपणाचा नव्हे. पण आमच्या मंडळात माझ्या भिंतीवरच्या गोधडीचे इतके कौतुक झाले, की कोणीतरी खरे बोलायलाच हवे.

विषय होता ‘डिस्मल स्वॅम्प’. एडिसन, मटचन आणि साउथ प्लेनफील्ड यांच्यामध्ये पसरलेली ही दलदल आपल्यापैकी बहुतेकांनी गाडीच्या काचेतूनच पाहिली असेल. मार्चच्या सुरुवातीला तिथे सारे करडे, मातकट असते. अशात रेड-विंग्ड ब्लॅकबर्डचा नर वाळक्या लव्हाळ्यावर येऊन बसतो. ओरडताना खांदे फुगवतो, तेव्हा त्यावरचा लाल पट्टा पेटल्यासारखा दिसतो. एरवी तोच पट्टा तो काळ्या पिसांखाली झाकून घेतो.

करड्या रंगासाठी दुकानातून नवे कापड आणले. लाल रंगासाठी मात्र आईच्या जुन्या इरकली लुगड्याचा रेशमी पदर घेतला. कात्री लावण्याआधी दोन दिवस तो टेबलावर तसाच पडून होता. कापलेला पदर काही परत जुळत नाही. आणि कापलाच आहे तर वाया कशाला घालवा, या हिशेबाने मी लाल सगळीकडे लावला: पक्ष्याच्या खांद्यावर, सूर्याला, पाण्यातल्या प्रतिबिंबाला आणि दोन कोपऱ्यांना.

उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली. भिंतीपुढे बराच वेळ उभी राहून म्हणाली, “अगं, एवढं लाल का सांडलंस? पक्षी कुठाय यात?”

मी वाद घातला. कोपऱ्यांची कल्पना सिद्दी बायकांच्या कवंदीची आहे, असे ऐकवले. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडे आफ्रिकी वंशाच्या या बायका जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात. कडेपासून धावदोरा घालत घालत मध्यावर पोचतात आणि कोपऱ्यांना घड्या घातलेल्या चिंध्यांची फुले लावतात. फुलांवाचून कवंदी नागडी समजतात! म्हणजे तिथे त्या रंगाला काम आहे. माझ्या कोपऱ्यात तो नुसताच उसना होता.

दुसरा दोष याहून मोठा. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने अमेरिकन क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर मांडल्या. तिथेच २००२ मध्ये अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांच्या क्विल्ट आल्या. त्या गावच्या ॲनी मे यंग यांची १९७६ सालची एक क्विल्ट आहे. भोवती कामावर झिजलेले निळे डेनिम आणि मधोमध लाल-पिवळ्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या. रंग चांगला भडक, पण डोळ्यांना खुपत नाही. कारण भोवतालचा निळा एकसारखा नाही. कुठे विटलेला, कुठे गडद. नजर त्यातही रमते. माझे करडे कापड एकाच ताग्यातले, सपाट. मग लालने आरडाओरडा करायचा नाही तर काय?

चार ठिकाणचा लाल मी उसवला. दलदलीतही नवऱ्याच्या जुन्या पँटींचे तुकडे घातले. काही गुडघ्यावर विरलेले, काही शिवणीपाशी काळपट. खांद्यावरचा पट्टा निम्मा काळ्या कापडाखाली दुमडला. सूर्य होता तिथे सुईची भोके राहिली आहेत. जवळ गेलात तर दिसतील.

उरलेल्या पदराची आईने नातीच्या पांघरुणाला पट्टी लावली.