प्रकीर्णन आणि इन्तिशार : विज्ञान-परिभाषेची एक चिकित्सा

विज्ञान-परिभाषेचे मूल्यमापन बहुधा शब्दाच्या शुद्धतेवरून होते. तो शब्द वाचकाला वस्तूपर्यंत नेतो काय, हा प्रश्न मागे राहतो. दगडी कोळशापासून मिळणाऱ्या द्रवातील कणांचा क्ष-किरणांनी होणारा अभ्यास, हे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

१८९५ साली राँटगेन यांनी नव्या किरणांना अज्ञातदर्शक अक्षर दिले. मराठीने बीजगणितातील 'क्ष' घेतला. उर्दूने त्याच न्यायाने 'ला-शुआ' हा शब्द घडविला. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या उर्दू पाठ्यपुस्तकांत 'ला' हे अज्ञात राशीचे चिन्ह होते. येथे दोन्ही भाषा यशस्वी ठरल्या, कारण त्यांनी अक्षराऐवजी कल्पनेचे भाषांतर केले.

पुढच्या शब्दाबाबत तसे म्हणता येत नाही. मराठीत 'प्रकीर्ण' म्हणजे किरकोळ, संकीर्ण. उर्दूच्या व्यवहारात 'इन्तिशार' म्हणजे गोंधळ, अस्वस्थता. दोन्ही शब्द अव्यवस्था सुचवितात. प्रत्यक्षात ही पद्धती विखुरण्यातील व्यवस्थाच वाचते. कण जितका लहान, तितके किरण अधिक कोनात पसरतात. ०.१५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण घेतले, तर १० नॅनोमीटर आकाराच्या रचनेसाठी हा कोन सुमारे १ अंश येतो. कार्बनच्या सूक्ष्म चूर्णांपासून होणारे असे लघुकोनी प्रकीर्णन १९३०च्या सुमारास कृष्णमूर्ती यांनी नोंदविले होते. आकारमान काढण्याचे गणित पुढे गिन्ये यांनी दिले.

कोळशाच्या द्रवाला ही पद्धती का लागते? तो द्रव काळा, अपारदर्शक असतो. साधा प्रकाश त्यातून जात नाही. क्ष-किरण पातळ थरातून जातात. द्रव आणि खनिजकण यांच्या इलेक्ट्रॉन-घनतेत फरक असल्याने कण ओळखू येतात. हेच कण पुढे उत्प्रेरक निकामी करतात व गाळण्या तुंबवितात. मात्र आकार आणि आकारमानांचे मिश्रण यांची फारकत केवळ प्रकीर्णनावरून नेहमी होत नाही; द्रव पातळ केला तर त्यातील पुंजही बदलू शकतात. 'कलिल' हा एकच शब्द लिहून पुढे जाणाऱ्या लेखनात ही मर्यादा हरवते.

यासाठी दूरचे उदाहरण नको. डिचोली तालुक्यातील शिरगाव हे लोहखनिजाच्या खाणींचे गाव. खाणपट्ट्यातील पावसाळ्याचे तांबडे पाणी पेल्यात ठेवले, की जाड कण तळाशी बसतात आणि बारीक कण तरंगत राहतात. न बसणाऱ्या कणांचे आकारमान कसे मोजावे, हाच या विषयाचा मूळ प्रश्न. शिरगावच्या मुलाला तो पाठ्यपुस्तकाआधी ठाऊक असतो; नसतो तो फक्त शब्द.

गोव्यात अनेक मुले प्राथमिक शिक्षण मराठी वा कोकणीतून घेऊन पुढे इंग्रजीकडे वळतात. त्या वळणावर पाहिलेली वस्तू आणि शिकलेली संज्ञा यांची ताटातूट होते. म्हणून 'प्रकीर्णन' किंवा 'इन्तिशार' टाकून देण्याचे कारण नाही. पहिल्या उल्लेखालाच 'विखुरण्याच्या कोनावरून कणाचे माप' एवढे सांगितले, तरी संज्ञा बोलकी होते. 'कोळसा' म्हणताना 'दगडी' हे विशेषण गाळू नये. अन्यथा चुलीतला लाकडी कोळसाच डोळ्यांपुढे येतो. परिभाषा समितीत सिद्ध होते. तिची कसोटी मात्र वर्गात लागते.