सुपरमॅन पडू शकतो का?

तिशीला टेकलेल्या माझ्या पिढीचं एक ठरलेलं भांडण आहे. एक गट म्हणतो, सॅम रायमीचा 'स्पायडर-मॅन २' (२००४) आणि नोलानचा 'द डार्क नाइट' (२००८) आले, तिथेच सुपरहिरो सिनेमा संपला. पुढचा सगळा कॉम्प्युटरचा चिखल. दुसरा गट म्हणतो, तुम्हाला सिनेमा नाही, तुमचं बालपण आवडतंय.

आरे-वारेच्या घाटावर गाडी थांबवून आम्ही चौघांनी अर्धा तास हेच केलं. खाली समुद्र, सुरूचं बन, आणि आमचं 'एंडगेम'मधले पांढरे सूट खरे होते की नाही यावर. (नव्हते. अख्खे सूट नंतर कॉम्प्युटरवर चढवले.) तिथे झिपलाईनही आहे. पट्टे घट्ट असतात, काही होणार नाही हे माहीत असतं, तरी पाय सुटले की पोटात गोळा येतो. पडद्यावर कुणी उडतं तेव्हा मला तो गोळा हवा असतो. तो कशाने येतो, एवढाच माझा प्रश्न.

जुन्याच्या बाजूने पहिला साक्षीदार म्हणजे १९७८चा 'सुपरमॅन'. क्रिस्टोफर रीव्ह तारांवर टांगलेला. त्यात झोरान पेरिसिक यांची एक युक्ती वापरली होती: मागचं दृश्य फेकणारा प्रोजेक्टर आणि समोरचा कॅमेरा, दोघांनाही झूम लेन्स, आणि दोन्ही झूम एकाच वेळी, एकाच मापात. मागचं आकाश आहे तेवढंच राहतं आणि जागचा न हललेला माणूस आपल्याकडे झेपावतो. इंजिनियर म्हणून मी या कल्पनेला हात जोडतो.

पण याच सिनेमाच्या शेवटी लोइस भूकंपात मरते, आणि सुपरमॅन पृथ्वीभोवती उलटा फिरून काळ मागे नेतो. झालं, लोइस जिवंत! दोन तास जमवलेलं सगळं वजन एका फेरीत हवेत. आज मल्टिव्हर्सला नावं ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. गमोरा २०१८ला मेली, २०१९ला दुसऱ्या काळातली गमोरा हजर. टोनी स्टार्कच्या मरणावर थिएटरं रडली, आणि २०२४ला तोच नट आता डॉक्टर डूम होणार अशी घोषणा. आमच्या धंद्यात याला रोलबॅक म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी तो हाताशी असला की मला शांत झोप लागते. सिनेमात असला तर थिएटरातच लागते.

उलट 'स्पायडर-मॅन २'मध्ये इमारतींमधून झोके घेणारी आकृती बऱ्याचदा कॉम्प्युटरचीच आहे. तरी आगगाडी अडवून कोसळलेल्या पीटरला प्रवासी हातांवर उचलून आत घेतात, तेव्हा गोळा येतो. कारण तो खरंच संपलेला दिसतो. २०२५च्या जेम्स गनच्या सुपरमॅनचंही तेच. अजस्र प्राण्याशी लढताना तो एक खार वाचवतो. थट्टा झाली त्याची, पण ती खार मरू शकत होती, म्हणून तो प्रसंग उभा राहतो. तेव्हा वाद तारा की कॉम्प्युटर हा नाहीच.

आणि मग आपला मालेगाव. यंत्रमागांच्या या गावात शेख नासिरने 'मालेगाव के शोले'नंतर 'मालेगाव का सुपरमॅन' केला. नायक शफीक, यंत्रमागावर काम करणारा, अंगाने काडी. हिरव्या कापडापुढे त्याला आडवा करून उडवला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात हा खटाटोप दिसतो. हसू येतंच, पण सोबत काळजीही वाटते, कारण तिथे अंग खरं आहे आणि ते दुखू शकतं. हॉलिवूडला कोट्यवधी खर्चूनही जे वजन विकत घ्यावं लागतं, ते इथे फुकट आहे.

शफीक पुढे कर्करोगाने गेला. रीमा कागतींच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'ने (२०२५) घटनाक्रम बदलून आजार आधी आणला आणि सुपरमॅनचा सिनेमा त्याच्यासाठी केला असं दाखवलं. मला ही मोडतोड थोडी गोड वाटली. माहितीपटातला नासिर जास्त तिरकस, जास्त मजेशीर आहे. पण एक मोह कागतींनी टाळला. नट शशांक अरोराचा शफीक पडद्यावर उडतो, आणि तरीही आजारीच राहतो. पृथ्वीभोवती उलटं कुणी फिरत नाही.

माझ्या मित्राला हे अजूनही पटलेलं नाही. त्याच्या मते शफीकचा सिनेमा 'सुपरहिरो'त मोजायचाच नसतो.