बत्तीस हात आणि एकशे साठ चौरस फूट

वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त घरांच्या मापांचा अध्याय आहे. ब्राह्मणाच्या घराची रुंदी ३२ हात, पुढे प्रत्येक वर्णाला चार-चार हात कमी, आणि वर्णांच्याही खाली ज्यांना लोटले त्यांना त्याहून कमी. सहाव्या शतकातली ही इमारत-संहिताच म्हणायची. कोणी किती जागेत जगावे हे ती मोजून सांगते, आणि कोणत्या आधारावर, हेही लपवीत नाही.

आजची राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम निघाली. तिच्यात वर्ण नाही. एकाच खोलीचे घर असेल तर ती खोली किमान ९.५ चौरस मीटरची हवी, एवढेच ती म्हणते. हा फरक मी लहान मानत नाही.

पण अलीकडे मुंबईतल्या एका जुन्या चाळीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल तिथल्या कार्यकर्त्यांनी माझ्यापुढे टाकला. मी इंजिनियर नाही, साहित्य शिकवतो. म्हणून तो साहित्यकृतीसारखाच वाचला. हातोडीच्या चाचणीचे आकडे, ध्वनिलहरींचा वेग, स्तंभातून काढलेले काँक्रीटचे नमुने, हे सारे चोख आहे. सामायिक संडासाचे पाणी वर्षानुवर्षे स्लॅबमध्ये मुरले, गज गंजले. गंजलेला गज फुगतो आणि अंगावरचे काँक्रीट फोडून टाकतो. इथवर अहवाल खरा बोलतो. मग कारणांचे पान येते आणि भाषा एकदम बदलते. 'दुरुस्ती झाली नाही.' कोणी केली नाही? ह्या वाक्याला कर्ताच नाही. पुढच्याच ओळीत मात्र कर्ता सापडतो: रहिवाशांचा निष्काळजीपणा! भाडे घेणारा मालक व्याकरणातून निसटला, भाडे देणारा सापडला.

बी.डी.डी. चाळींचेच पाहा. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या, खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर. संहितेच्या किमान मापात ती आरामात बसते. घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. म्हणजे त्या खोलीला तीन टन. दहा माणसांचे कुटुंब, भांडीकुंडी, माळा धरूनही काटा तिथवर जात नाही. नियमभंग कुठेच नाही! वरळीत बौद्धांच्या चाळी वेगळ्या ओळखल्या जात, १९७४च्या दंगलीत ती ओळख जिवावर बेतली. तिला तर कोणत्याच तक्त्यात रकाना नाही.

ह्यावरून आपले काही मित्र 'ऑडिट हाच कट आहे' असे सांगत फिरतात. त्यांच्याशी माझे भांडण आहे. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत धोकादायक ठरलेली होती, तरी तिच्यात माणसे राहत होती. २०१७च्या ३१ ऑगस्टला ती कोसळली आणि ३३ जण गेले. 'सी-१' शेरा, म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी, हा अनेकदा अगदी खरा असतो. लोक तरीही हलत नाहीत, कारण बाहेर पडल्यावर परत येण्याचा लेखी हक्क हातात नसतो. लढाई त्या कागदासाठी हवी, गंजलेल्या गजाच्या बचावासाठी नको.

आणि आपली समीक्षा? बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती'मध्ये भाड्याची खोली जातीवर कशी अडते ते १९६३ सालीच दाखवले. 'बलुतं'मधला कावाखाना १९७८ पासून आपल्यासमोर आहे. आम्ही त्यांतली वेदना शोधली, विद्रोह शोधला, त्यावर परिसंवाद घेतले (मीही दोन निबंध वाचले). त्या खोलीत किती जण झोपत, मोरीचे पाणी कुठे जाई, भाडे कोण नेई, हे आम्हांला कधी समीक्षेचे प्रश्न वाटले नाहीत. खोली आम्ही प्रतीक करून टाकली आणि तुळई इंजिनियरवर सोडली.

त्या चाळीतल्या पोरांनी आता खोलीवार माणसे मोजायला घेतली आहेत. कोण कधीपासून राहतो, भाड्याची पावती कोणाच्या नावाची, छत कुठे गळते, दुरुस्तीचा अर्ज कधी दिला, सगळे वहीत उतरते आहे. ती वही अहवालाला जोडून द्यायची आहे. पहिला मजला झाला. दुसऱ्यावर तीन खोल्या कुलूपबंद आहेत, म्हणून काम अडले आहे.