मुदत आणि मोजमाप : जर्मनीच्या शाश्वत विकास धोरणासंबंधी काही विचार

रिओ द जानेरो येथे १९९२ साली स्वीकृत झालेल्या 'अजेंडा २१' च्या आठव्या प्रकरणात, प्रत्येक राष्ट्राने शाश्वत विकासाचे आपले धोरण आखावे, अशी अपेक्षा व्यक्त झाली होती. १९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष अधिवेशनाने त्यासाठी २००२ ही मुदत घातली. पुढे या विषयाच्या अभ्यासकांत एक मत रूढ झाले : धोरण म्हणजे एकदा छापून ठेवावयाचा दस्तऐवज नव्हे, आखणी, अंमल, परीक्षण आणि सुधारणा यांचे ते अखंड फिरणारे चक्र होय. हे मत इतके समंजस वाटते की, त्याच्या पोटातील अडचण सहसा ध्यानात येत नाही. परीक्षणाअंती सुधारावयाचे काय, आचरण की उद्दिष्ट ? चक्राच्या कल्पनेत याचे उत्तर नाही.

जर्मनीचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण या बाबतीत तो देश आळशी नाही. वनातून वाढीपेक्षा अधिक लाकूड तोडू नये, हा विचार सॅक्सनीतील खाण-अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ सालीच मांडला, आणि जर्मन भाषेतील या संज्ञेचा उगम तेथे शोधला जातो. (आपण 'शाश्वत' हे विशेषण परमार्थाकडून उसने घेतले, त्यांची संज्ञा लाकूडतोडीच्या हिशेबातून आली. हा भेद अगदीच नगण्य नव्हे.) २००२ साली तेथील शासनाने एकवीस निर्देशकांसह आपले धोरण जाहीर केले. प्रगतीचे मापन संघीय सांख्यिकी कार्यालयाकडे सोपविण्यात आले. ते कार्यालय प्रत्येक निर्देशकापुढे सूर्य, ढग वा गडगडाटी वादळ असे हवामानाचे चिन्ह काढते. शिवाय २००९, २०१३ आणि २०१८ साली परदेशी तज्ज्ञांकडून परीक्षणे करविण्यात आली.

या व्यवस्थेत उत्तरपत्रिका त्रयस्थ तपासतो, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्नपत्रिका मात्र परीक्षार्थीच काढतो.

जमिनीच्या वापराचा निर्देशक पाहावा. विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत वस्ती व वाहतूक यांसाठी दररोज सुमारे १२९ हेक्टर नवी जमीन खर्ची पडत होती. २०२० पर्यंत हे प्रमाण ३० हेक्टरांवर आणावयाचे, असा २००२ चा संकल्प होता. घट झाली, आणि ती लक्षणीय झाली. तथापि २०२० उजाडले तेव्हाही आकडा ५० हेक्टरांच्या वरच होता. दरम्यान नव्या आवृत्तीत उद्दिष्ट '२०३० पर्यंत ३० हेक्टरांहून कमी' असे झाले होते.

यातील मर्म गणिताचे आहे. चिन्ह ठरविताना गेल्या काही वर्षांतील कल लक्ष्यवर्षापर्यंत लांबविला जातो. समजा, आजचा आकडा ६६ आहे व तो दरवर्षी ३ ने घटतो. पाच वर्षांनी तो ५१ होईल, म्हणजे अपयश. पंधरा वर्षांनी २१, म्हणजे यश. प्रत्यक्षात जमिनीचा एक वाफाही न वाचता, केवळ मुदत वाढविल्याने आभाळ निवळू शकते.

यावर असा आक्षेप येईल की, अनुभवाने उद्दिष्टे बदलणे हेच शिकणे होय. तो पोकळ नाही. जमिनीच्या नियोजनाचा अधिकार तेथे नगरपालिका व ग्रामसंस्थांकडे असतो, आणि संघशासनाचा आकडा त्यांना थेट बांधून घेत नाही. ही अडचण खरी. पण ती शिकलेल्या शासनाने काय केले ? २०१७ साली बांधकाम-संहितेत १३ ब हे कलम घालून गावकुसाबाहेरील जमिनीवर, पर्यावरणीय परीक्षणावाचून, घरबांधणीची वाट सुलभ केली. घरांची टंचाई हे त्याचे कारण होते, आणि ते खोटे नव्हते. संघीय प्रशासकीय न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये ही तरतूद युरोपीय कायद्याशी विसंगत ठरविली. जे काम धोरणाच्या परीक्षणचक्राने करावयास हवे होते, ते एका दाव्याच्या निमित्ताने झाले, असे मला म्हणावेसे वाटते.

आपल्याकडील स्थिती याहून निराळी असली तरी जातकुळी तीच आहे. नीती आयोगाच्या निर्देशांकात देशाचा गुण २०१८ च्या आवृत्तीत ५७ होता, तो पुढील आवृत्तीत ६० झाला. परंतु पहिल्या वेळी ६२ निर्देशक होते, दुसऱ्या वेळी १००. आणि पहिल्या आवृत्तीच्या गणनेतून उपभोग, हवामान व सागर ही तिन्ही उद्दिष्टे वगळलेली होती. अहवालाने हे लपविलेले नाही. तरीही ५७ आणि ६० ही वाढ म्हणून शेजारी-शेजारी मांडण्याचा मोह आवरत नाही, आणि आमच्या विभागातील प्रबंधिकांतही ते दोन आकडे एकाच सारणीत, तळटीपेवाचून, मी पाहिले आहेत.