नुसत्या ठिगळांचं पाकीट

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर असताना, मी एक पाकीट बनवलं होतं. चामड्याचं नाही, रेक्झिनचं नाही, कापडाचंही नाही. नुसत्या डक्ट टेपचं. हार्डवेअरच्या दुकानात चंदेरी, जाड गुंडाळी लटकलेली असते ना, तीच. एका अमेरिकन पोराचा व्हिडिओ बघून केलं. दोन तास गेले, अर्धी गुंडाळी संपली आणि कात्रीची पाती एकमेकांना अशी चिकटली की खोबरेल तेल लावून सोडवावी लागली. पण पाकीट भारी झालं. मेसच्या टेबलावर ठेवलं की कोणी ना कोणी उचलून बघायचंच. ‘कुठून घेतलंस?’ ‘घेतलं नाही, बनवलं.’ हे उत्तर द्यायला मिळावं म्हणूनच बहुतेक ते बनवलं होतं.

मग एका रविवारी पप्पा बार्शीहून भेटायला आले. स्टँडवर चहाचे पैसे देताना मी ते पाकीट काढलं. त्यांनी बघितलं, बोलले काहीच नाहीत. गाडी हलायच्या आधी मात्र खिडकीतून पाचशेची नोट माझ्या हातात कोंबली. “चांगलं पाकीट घे एखादं. मागायचं की रे.”

माझ्या मित्रांना ज्या वस्तूत डोकं दिसत होतं, तिच्यात पप्पांना पोराची अडचण दिसली. दोघांपैकी चूक कोण, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आज या पाकिटाकडे नीट बघायचं ठरवलंय. पुस्तकाकडे बघतो तसं, सिनेमाकडे बघतो तसं.

*

आधी रचना. पट्टीची चिकट बाजू वर ठेवून पहिली पट्टी टेबलावर घ्यायची. दुसरी तिच्यावर अर्धा सेंटिमीटर चढवून लावायची. अशा चार-पाच पट्ट्या झाल्या की एक पान तयार होतं, पण एका बाजूनं चिकट. मग तसंच दुसरं पान करायचं आणि दोन्ही चिकट बाजू एकमेकींवर बसवायच्या. हवेचा बुडबुडा राहिला तर तो कायमचा. साधारण 20 बाय 18 सेंटिमीटरचं हे पान मधून दुमडलं की नोटांचा कप्पा झाला. आत कार्डांचे दोन खिसे, कडांना टेप, परत एकदा दुमड, संपलं. शिवण नाही, बटण नाही, चेन नाही. गंमत म्हणजे अमेरिकन मापं आपल्याकडेही जशीच्या तशी चालतात. डॉलरची नोट उंचीला साधारण 66 मिलिमीटर आणि आपली पाचशेचीही तेवढीच.

या रचनेत मला आवडतो तो तिचा उघडेपणा. दुकानातलं पाकीट तुम्हाला कधीच सांगत नाही की ते कसं झालंय. शिवण आत वळवलेली असते, पुठ्ठा अस्तराखाली लपवलेला असतो. टेपच्या पाकिटात प्रत्येक पट्टी कुठं सुरू झाली, कुठं संपली हे दिसतं. हात कुठं थरथरला तेही दिसतं. बघणाऱ्याला लगेच वाटतं, हे मलाही जमेल. आणि जमतंच. वापरून फेकायची सवय लागलेल्या आपल्या पिढीसाठी ही छोटी गोष्ट नाही.

आता दोष. हे पाकीट उन्हाला घाबरतं. डक्ट टेप म्हणजे तीन थर: वर पॉलिथिन, मध्ये सुती जाळी, खाली रबराच्या जातीचा चिकट द्रव. हा चिकट थर तापला की सरकतो. 1998 साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी घरातल्या हवेच्या नळांचे, म्हणजे डक्टचे, सांधे बुजवायची वेगवेगळी साधनं तापवून-गार करून तपासली. त्यात सपशेल नापास झाली ती डक्ट टेप. ज्या कामाचं नाव मिरवते त्याच कामात. मग मागच्या खिशात, मे महिन्यात, बाईकच्या तापलेल्या सीटवर तिचं काय होणार? माझ्या पाकिटाच्या कडांतून काळपट चिकटा बाहेर यायला लागला. नोटा ओढून काढाव्या लागायच्या. तेव्हा ‘हे करा आणि पैसे वाचवा’ असं म्हणणाऱ्या व्हिडिओंवर फार विश्वास ठेवू नका. चांगल्या टेपच्या गुंडाळीच्या पैशात फुटपाथवर रेक्झिनचं पाकीट मिळतं आणि ते जास्त टिकतं.

म्हणजे मुद्दा पैशांचा नाहीच. मग कसला आहे?

*

टेपचा जन्म बघितला तर थोडं उलगडतं. 1943 साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत इलिनॉयमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात व्हेस्टा स्टाउट नावाची बाई काम करत होती. तिची मुलं नौदलात होती. काडतुसांची खोकी कागदी टेप लावून, वर मेण चढवून बंद केली जायची. उघडायला टेपचं एक टोक बाहेर ठेवलेलं असायचं, पण ओढलं की नेमकं तेच तुटायचं. समोरून गोळ्या येत असताना सैनिक खोकं उघडत बसणार. तिनं सुचवलं की कागदाऐवजी पाणी न शोषणारी कापडी टेप वापरा. कारखान्यातल्या वरिष्ठांकडून काही हललं नाही, तेव्हा तिनं चित्र काढून थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र पाठवलं. कल्पना मंजूर झाली आणि टेप बनवायचं काम जॉन्सन अँड जॉन्सनकडे गेलं.

पुढची प्रसिद्ध गोष्ट एप्रिल 1970 ची. अपोलो 13 मध्ये बिघाड झाला आणि तिघांना चांद्रयानाच्या भागात आसरा घ्यावा लागला. तिथली हवा शुद्ध करणारी यंत्रणा दोघांपुरती होती. मुख्य यानातले डबे चौकोनी, इथली जागा गोल. प्लॅस्टिकच्या पिशव्या, मॅन्युअलची पुठ्ठ्याची कव्हरं, स्पेससूटचे पाईप आणि ही टेप यांतून जोडणी झाली आणि तिघं जिवंत परतले.

दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे. काहीतरी तुटलंय, अडलंय, कोणाचा तरी जीव टांगणीला आहे आणि टेप मदतीला येते. टेप म्हणजे ठिगळ. पाकिटात मात्र तुटलेलं काहीच नाही. दुरुस्त करायला मूळ वस्तूच नाही. ठिगळाला ठिगळ जोडत गेलो आणि त्यालाच वस्तू म्हणालो.

इथं मला आजीची गोधडी आठवते. तीही ठिगळांचीच. पण गोधडीतल्या प्रत्येक तुकड्याला आधीचं आयुष्य असतं. हे आत्याचं परकर-पोलकं, हे आजोबांचं धोतर, ही बाळंतपणातली साडी. झिजून मऊ झालेलं कापडच गोधडीला लागतं, नवंकोरं चालत नाही. स्वित्झर्लंडच्या फ्रायटाग बंधूंनी 1993 पासून ट्रकच्या जुन्या ताडपत्रीच्या बॅगा विकायला सुरुवात केली, त्यांचंही तेच. ताडपत्रीवर रस्त्याच्या खुणा असतात म्हणून लोक त्या घेतात. टेपचं पाकीट याच्या बरोबर उलट आहे. काहीही न वापरता, न झिजवता, नव्या गुंडाळीतून काढलेलं ठिगळ. ते गरजेसारखं दिसतं, पण गरजेतून आलेलं नसतं.

आणि गरजेसारखं दिसणं विकलं जातं, हे बाजाराला कधीच कळलंय. आज डक्ट टेप चंदेरी राहिलेली नाही. झेब्र्याचे पट्टे, फुलं, सैनिकी ठिपके, सगळ्या छपाईत मिळते. अमेरिकेतली एक टेप कंपनी 2001 पासून शाळकरी मुलांसाठी स्पर्धा घेते: शाळेच्या निरोपाच्या नाचाला टेपचे कपडे शिवून, म्हणजे चिकटवून, जा आणि शिष्यवृत्ती जिंका. ते कपडे खरंच थक्क करणारे असतात. पण तिथवर येता येता जुगाडाचा युनिफॉर्म झालेला असतो.

याचं टोक म्हणजे मॉरिझिओ कॅटेलानचं केळं. 2019 साली मायामीत त्यानं एक केळं डक्ट टेपनं भिंतीला चिकटवलं आणि ते 1 लाख 20 हजार डॉलरला गेलं. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच कलाकृतीला 62 लाख डॉलर आले, म्हणजे साधारण 52 कोटी रुपये. विकत मिळतं ते प्रमाणपत्र आणि चिकटवायच्या सूचना. केळं आणि टेप आपापली आणायची. लिलावातलं केळं ज्या गाडीवरून आणलं होतं, तिथं ते 35 सेंटला विकलं गेलं होतं. विकणारा बांगलादेशातून आलेला म्हातारा माणूस होता. केळं तेच, टेप तीच. किंमत बदलली ती कुणाच्या हातात आहे त्यावरून.

*

पप्पांचं पाकीट चामड्याचं होतं. आडत दुकानात मुनीम म्हणून लागले तेव्हा घेतलेलं. त्याची शिवण दोनदा सुटली आणि दोन्ही वेळा स्टँडबाहेर बसणाऱ्या चांभाराकडून त्यांनी ती दाभणानं घालून घेतली. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा रबरबँड लावलं. ते पाकीट त्यांनी चारचौघांत कधी टेबलावर ठेवलं नाही. खिशातल्या खिशात उघडायचे, नोट काढायचे.

आणि तो चांभार? त्याच्या हातातलं कौशल्य माझ्यापेक्षा शंभरपट, पण त्याला कोणी ‘भारी बनवलंस’ म्हणालेलं मी ऐकलं नाही. आपल्याकडे पाकीट कोणी शिवायचं हे जात ठरवत आली. मी टेप हातात घेतली तेव्हा ‘हे काम कोणाचं’ असा प्रश्न माझ्या मनात आलासुद्धा नाही. चामडं आणि दाभण हातात घेतलं असतं तर घरात काय बोललं गेलं असतं, हे मला माहीत आहे. टेप अमेरिकन आहे, स्वच्छ आहे, तिला जात नाही. तिच्या ‘कूल’पणात हाही एक हिस्सा आहे आणि कुठल्याच व्हिडिओत तो येत नाही.

याला समोरून भिडणारं काम मुंबईत झालंय. 2015 साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली आणि धारावीतल्या चर्मकारांचं काम आटलं. सुधीर राजभर यांनी अशा कारागिरांना सोबत घेऊन टाकाऊ रबरापासून बॅगा आणि पाकिटं बनवायला सुरुवात केली. ब्रँडचं नाव ठेवलं ‘चमार’. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द त्यांनी दर्शनी भागावर लावला. तिथंही चामड्याऐवजी दुसरंच साहित्य आहे, तिथंही अडचणीतून काढलेली वाट आहे. पण ती वस्तू हातात घेतली की ती बनवणाऱ्या हातांचा प्रश्न टाळता येत नाही. माझं पाकीट फक्त माझ्याबद्दल बोलत होतं.

तरीही ते निकामी होतं असं मी म्हणणार नाही. एकदा बनवून बघाच. आता पैसे फोनमध्ये असतात, पाकिटाची तशी गरजही उरलेली नाही, तरी बघा. सपाट पट्टीचा कप्पा कसा होतो हे बोटांना कळतं, आणि बाजारातल्या प्रत्येक वस्तूकडे ‘ही कशी जोडली असेल’ असं बघायची सवय लागते. फक्त मिरवताना समोर कोण बसलंय तेवढं बघा. फाटकेपणा अंगावर हौसेनं घेता येणं हीसुद्धा एक ऐपत आहे. माझ्याकडे ती होती, कारण पप्पांनी त्यांचं पाकीट लपवून मला शिकवलं होतं.

त्या पाचशे रुपयांचं मी पाकीट घेतलं नाही. टेपचं पाकीट उन्हाळ्यात टाकून दिलं. उरलेली गुंडाळी सुट्टीत घरी नेली होती, ती तिथंच राहिली. दिवाळीला गेलो तर पप्पांच्या स्कूटरची फाटलेली सीट तिनं नीट बंद केलेली होती. वर कव्हर घातलेलं होतं, टेप दिसू नये म्हणून.